गुलाब गेलं, शाहीन आलं: एकाच वादळाला इतकी नावं का?

सप्टेंबर 2021चा शेवटचा आठवडा मराठवाड्यातला शेतकरी विसरलेला नाही. सोयाबीन काढणीला आलेलं, काही ठिकाणी कापून रानातच पडलेलं, आणि 27-28 तारखेला पाऊस असा कोसळला की उभं पीक पाण्याखाली गेलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. नदीकाठची माती खरवडून निघाली. हा पाऊस घेऊन आलेल्या वादळाचं नाव होतं गुलाब. बंगालच्या उपसागरात जन्मलेलं हे वादळ 26 सप्टेंबरला आंध्रच्या किनाऱ्यावर, कलिंगपट्टणमजवळ, जमिनीवर चढलं आणि पाऊस टाकत पश्चिमेकडे सरकत राहिलं. सरकता सरकता त्याचा जोर ओसरला, नुसतं कमी दाबाचं क्षेत्र उरलं. बहुतेक वादळं अशीच जमिनीवर विरून जातात. हे विरलं नाही. गुजरात ओलांडून ते अरबी समुद्रावर पोहोचलं, तिथल्या कोमट पाण्यावर त्याने पुन्हा बाळसं धरलं आणि 3 ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळलं. तेव्हा त्याचं नाव होतं शाहीन.

एकच वादळ, नावं दोन. आणि हेच जर अमेरिकेच्या किनाऱ्यावर झालं असतं तर बातम्यांमध्ये ‘हरिकेन’ शब्द आला असता, जपानजवळ झालं असतं तर ‘टायफून’. दर वर्षी मे महिना आला की कुणीतरी मला विचारतंच: यातलं सगळ्यात भयंकर कोणतं? सायक्लोन मोठं की हरिकेन? टायफून त्याहून मोठं असतं का? या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं. तिन्ही एकच. फरक आहे तो पत्त्याचा. पण ती एक ओळ ऐकून कुणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये, कारण खरी मजा पुढेच आहे.

आधी हे वादळ चालतं कशावर ते बघू. गणपतीत मोदकपात्राचं झाकण उघडताना हातावर वाफ आली की कसं पोळतं ते घरोघरी ठाऊक आहे. उकळतं पाणी उडालं तर लागतं, पण वाफेचा चटका जास्त खोल जातो. कारण वाफ कातडीवर येऊन पुन्हा पाणी होते आणि पाण्याची वाफ करताना चुलीने जी उष्णता खर्च केली होती, ती सगळी तिथे सोडून देते. चक्रीवादळ याच उष्णतेवर जगतं. समुद्राचं पाणी वरच्या पन्नासेक मीटर खोलीपर्यंत 26.5 अंश सेल्सियसच्या वर तापलेलं असलं की भरपूर वाफ वर चढते. उंचावर गार हवेत तिचे ढग होतात आणि दडलेली उष्णता मोकळी होते. त्याने आसपासची हवा तापून आणखी वर उचलली जाते, खाली दाब कमी होतो, ती जागा भरायला चारही बाजूंनी दमट हवा धावते, आणि ती हवा नवीन वाफ घेऊन येते. चूल स्वतःच स्वतःला लाकडं घालायला लागते. जमिनीवर चढलं की वाफेचा पुरवठा तुटतो, म्हणून वादळ मरतं. गुलाब तेलंगणावर का दमलं आणि अरबी समुद्रावर का उठून बसलं, ते यातच आलं.

आता फिरण्याचं. पृथ्वी फिरते म्हणून लांबचा पल्ला धावणारी हवा उत्तर गोलार्धात थोडी उजवीकडे झुकते. मध्याकडे निघालेला प्रत्येक झोत असा नेम चुकून केंद्राच्या उजव्या बाजूने निसटतो, आणि सगळे झोत मिळून घड्याळाच्या उलट दिशेने गरगरायला लागतात. दक्षिण गोलार्धात बरोबर याच्या उलट. विषुववृत्तावर हा झुकाव जवळपास शून्य असतो, म्हणून तिथून साधारण पाच अंशांच्या आत वादळ क्वचितच तयार होतं. (बेसिनमधलं पाणी इकडे एका दिशेने आणि ऑस्ट्रेलियात दुसऱ्या दिशेने फिरतं ही गोष्ट मात्र सोडून द्या. बेसिनएवढ्या जागेत पृथ्वीच्या फिरण्याचा असा परिणाम दिसत नाही.)

हे फिरणं मी पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते निसर्ग वादळानंतर. 3 जून 2020ला ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. माझ्या मामांची वाडी त्याच्याही खाली, हरिहरेश्वरच्या बाजूला. फोन लागायला लागले तेव्हा मामा नुकसानीआधी वाऱ्याबद्दलच बोलत होते. "अरे, सकाळी डोंगराकडून येत होता. मग दक्षिणेकडून आला. आणि शेवटी समुद्राकडून जो आला ना, त्याने पत्रे उचलले." मी कागदावर किनारा काढला, वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिलेला माणूस काढला. उत्तर गोलार्धात असं उभं राहिलं की वादळाचं केंद्र साधारण डाव्या हाताला असतं. पूर्वेचा वारा असताना मामांचा डावा हात दक्षिणेला, दक्षिणेचा वारा असताना पश्चिमेला, आणि पश्चिमेचा वारा सुटला तेव्हा उत्तरेला. म्हणजे वादळ खालून आलं, समोरच्या समुद्रातून पुढे गेलं आणि वर जाऊन जमिनीवर चढलं. हवामान खात्याच्या नकाशावर वादळाची वाट तशीच होती. पुढे मी तिथे गेलो तेव्हा सुपारीची झाडं एकाच दिशेला शेंडे करून आडवी पडलेली पाहिली. पंधरा-वीस वर्षांची झाडं. सुपारी पुन्हा उत्पन्नाला यायला किती वर्षं लागतात ते बागायतदाराला विचारावं.

हे वाऱ्याचं कोडं सोडवायला ज्या माणसाने आयुष्य घालवलं, त्यानेच ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला, आणि तोही आपल्याकडे, कलकत्त्यात. हेन्री पिडिंग्टन त्याचं नाव. बंगालच्या उपसागरात सापडलेल्या जहाजांच्या रोजनिशा तो गोळा करायचा आणि कुठल्या जहाजाला कुठल्या वेळी कुठून वारा लागला याच्या नोंदी मांडून वादळाचा आकार शोधायचा. 1845मध्ये मॉरिशसजवळ चार्ल्स हेडल नावाचं जहाज वादळात सापडलं आणि पाच दिवस वाऱ्याबरोबर पळत राहिलं. खलाशांना वाटत होतं आपण पुढे चाललोय. रोजनिशी तपासल्यावर कळलं की जहाज वादळाभोवती गोल गोल फिरत होतं, पाच फेरे. पिडिंग्टनने 1848 साली खलाशांसाठी पुस्तक लिहिलं. त्यासोबत पारदर्शक चकत्या दिल्या होत्या, नकाशावर ठेवून वाऱ्याच्या दिशेवरून केंद्र ओळखण्यासाठी. मी मामांसाठी कागदावर जे केलं, तेच काम. अशा वादळाला एक नेमका शब्द हवा म्हणून त्याने ग्रीक भाषेतून ‘सायक्लोन’ घेतला. त्याच्या डोळ्यांसमोर सापाचं वेटोळं होतं. हे वेटोळं लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

याच माणसाने 1853मध्ये सरकारला पत्र लिहून बजावलं होतं की सुंदरबनात मातला नदीवर बंदर बांधू नका, वादळाबरोबर चढणारं समुद्राचं पाणी ते धुऊन नेईल. बंदर बांधलं गेलं, कॅनिंग नाव दिलं गेलं, आणि 1867च्या वादळात ते उद्ध्वस्त झालं. पिडिंग्टन तेव्हा हयात नव्हता.

‘हरिकेन’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, स्पॅनिश खलाशांनी उचललेला. ‘टायफून’ची वंशावळ जास्त गुंतागुंतीची आहे. अरबी-फारसी तुफान, पोर्तुगीजांनी नेलेलं त्याचं रूप आणि मोठ्या वाऱ्यासाठीचा चिनी शब्द, असे प्रवाह त्यात मिसळले आहेत. आपण ज्याला तुफान म्हणतो ते आणि त्यांचं टायफून असे नात्यातले शब्द आहेत.

आज या तीन शब्दांच्या हद्दी ठरलेल्या आहेत. अटलांटिक महासागर आणि पॅसिफिकचा पूर्व भाग इथे हरिकेन. पॅसिफिकच्या वायव्य भागात, म्हणजे जपान, चीन, फिलिपिन्सकडे टायफून. हिंदी महासागर आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये सायक्लोन. दोन पॅसिफिकांमधली रेघ म्हणजे 180 अंश रेखांश. पाण्यावर ती रेघ कुणी आखलेली नाही, आणि वादळाला तिचं काही घेणं नाही. 1994मध्ये जॉन नावाचं हरिकेन ती रेघ ओलांडून टायफून झालं आणि परत फिरून पुन्हा हरिकेन झालं. महिनाभर ते समुद्रावर हिंडत होतं. दक्षिण अटलांटिकमध्ये अशी वादळं जवळजवळ होतच नाहीत. मार्च 2004मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर एक आलं तेव्हा नावांची यादीच नव्हती, म्हणून ज्या राज्यावर ते आलं त्यावरून लोक त्याला कॅटरिना नव्हे, ‘कॅटारिना’ म्हणू लागले.

मग तिकडची वादळं जास्त जोरदार का वाटतात? एक कारण खरं आहे. वायव्य पॅसिफिकमध्ये कोमट पाण्याचा पसारा प्रचंड आहे, त्यामुळे तिथे वादळं जास्त होतात आणि त्यांना वाढायला जागा मिळते. पण दुसरं कारण निव्वळ मोजमापाचं आहे, आणि इथे आपल्या टीव्हीवर हमखास घोटाळा होतो.

वारा एकसारखा वाहत नाही, म्हणून त्याची सरासरी काढावी लागते. अमेरिकेत एका मिनिटाची काढतात, आपलं हवामान खातं तीन मिनिटांची, जपान दहा मिनिटांची. एका षटकात वीस धावा निघाल्या म्हणून दहा षटकांची सरासरी वीस येत नाही. तसंच इथे. त्याच वादळाचा एका मिनिटाचा आकडा दहा मिनिटांच्या आकड्यापेक्षा मोठाच दिसणार. वर शब्दांचे उंबरठेही वेगळे. आपल्याकडे वारा ताशी 62 किलोमीटरला पोहोचला की ‘चक्रीवादळ’ म्हणतात आणि नाव देतात. अटलांटिकमध्येही नाव साधारण त्याच वेगाला मिळतं, पण ‘हरिकेन’ म्हणवून घ्यायला ताशी 119 किलोमीटर लागतात. त्याखालच्याला ते नुसतं उष्णकटिबंधीय वादळ म्हणतात. म्हणजे तिकडचं सगळ्यात साधं हरिकेन आपल्या मोजपट्टीवर ‘अति तीव्र चक्रीवादळ’ भरतं. आपल्याकडे चढत जाणाऱ्या पायऱ्या आहेत आणि ताशी 222 किलोमीटरच्या पुढे ‘महाचक्रीवादळ’. एक ते पाच श्रेणी ही अमेरिकेची पद्धत. ऑस्ट्रेलियाच्याही एक ते पाचच, पण त्यांचे आकडे वेगळे. तेव्हा ‘तिसऱ्या श्रेणीचं वादळ’ असं वाचलं की कुणाची तिसरी, हे आधी बघावं.

आणि या सगळ्या पट्ट्या वाऱ्याच्या आहेत, पाण्याच्या नाहीत. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गुलाब आपल्या मोजपट्टीवर नाव मिळालेल्यांमधल्या सगळ्यात खालच्या पायरीवर होतं. ते हरिकेन ठरलंच नसतं. तरी मराठवाड्याचं त्याने काय केलं ते आपण पाहिलं. बंगालच्या उपसागराचं दुखणंही पाण्याचंच. वरच्या टोकाला तो नरसाळ्यासारखा अरुंद होतो, किनारा उथळ आहे, वाऱ्याने ढकललेल्या पाण्याला जमिनीवर चढण्यावाचून वाट राहत नाही. नोव्हेंबर 1970मध्ये आजच्या बांगलादेशात भोला वादळात तीन लाखांहून अधिक माणसं गेली, ती मुख्यतः या पाण्याने.

कोकणातल्या बंदरावर मच्छीमारांना वाऱ्याच्या सरासरीशी काही देणंघेणं नसतं. ते विचारतात, बावटा कितीचा लागलाय? बंदरावर एक ते अकरा नंबरचे इशारे असतात. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ म्हटलं की होडी बाहेर काढायची नाही, हे सांगावं लागत नाही.

आता नावांकडे. पूर्वी वादळाला नाव नव्हतं. कॅरिबियन बेटांवर ज्या संताच्या दिवशी वादळ आलं त्याचं नाव पडायचं. 13 सप्टेंबरला 1876मध्ये आणि पुन्हा 1928मध्ये वादळ आलं, तर दुसऱ्याला ‘सान फेलिपे दुसरं’ म्हणावं लागलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्लेमेंट रॅग नावाचा ऑस्ट्रेलियातला हवामानतज्ज्ञ वादळांना नावं द्यायचा, त्यात त्याला न आवडणारे राजकारणीही असत. अमेरिकेने 1953पासून बायकांची नावं द्यायला सुरुवात केली. विध्वंस दिसला की बाईचं नाव, यावर तिथल्या बायकांनी आवाज उठवला आणि 1979पासून अटलांटिकच्या यादीत पुरुषांची नावंही आली. तिथे सहा याद्या आहेत, दर सहा वर्षांनी तीच यादी परत येते. फक्त फार नुकसान करणाऱ्याचं नाव कायमचं काढून टाकतात. 2005चं कॅटरिना असंच गेलं. फिलिपिन्स आंतरराष्ट्रीय नावाशेजारी स्वतःचं नाव देतं, म्हणून जगासाठी 2013चं हैयान तिथल्या माणसासाठी योलांडा आहे. जपानी माणूस बहुधा नंबरच सांगतो, अमुक सालचं एकोणीस नंबरचं टायफून.

आपल्याकडे हे उशिरा आलं. ऑक्टोबर 1999मध्ये ओडिशाला झोडपणारं महाचक्रीवादळ, ज्यात सुमारे 10,000 माणसं गेली, त्याला नावच नव्हतं. 2000 साली मस्कतच्या बैठकीत उत्तर हिंदी महासागराभोवतीच्या देशांनी नावं द्यायचं मान्य केलं आणि 2004मध्ये ओनिल हे पहिलं नाव वापरलं गेलं. आठ देश, प्रत्येकाची आठ नावं, एकूण 64. त्यातलं शेवटचं मे 2020चं अम्फान. त्याच्या महिनाभर आधी नवी यादी आली होती: तेरा देश, प्रत्येकाची तेरा, मिळून 169. देश इंग्रजी आद्याक्षराप्रमाणे एकाखाली एक, प्रत्येकाचं एक नाव घेत स्तंभ खाली उतरायचा, संपला की दुसरा. नाव जाहीर करतं ते दिल्लीतलं हवामान खात्याचं केंद्र. नाव लहान हवं, राजकारण-धर्म-लिंग यांच्याशी संबंध नको, कुणाच्या भावना दुखावणारं नको. 2013मध्ये श्रीलंकेने दिलेलं महासेन हे नाव त्यांच्याच देशात वादाचं ठरलं, कारण महासेन हा त्यांचा आदरणीय राजा. ते बदलून वियारू झालं. आणि आपल्या यादीतलं नाव एकदा वापरलं की पुन्हा नाही.

नाव कोणी दिलं याचा वादळ कुठे जाईल याच्याशी काही संबंध नसतो. नव्या यादीतलं भारताचं पहिलं नाव गती, ते वादळ नोव्हेंबर 2020मध्ये सोमालियावर गेलं. दुसरं तेज, ते ऑक्टोबर 2023मध्ये येमेनवर. गुलाब पाकिस्तानने दिलेलं. त्याच्यानंतर यादीत कतारचं शाहीन होतं. गुलाबचा उरलेला अंश अरबी समुद्रावर नव्याने वादळ झाला, आणि एकदा मावळून नव्याने उभं राहिलेलं म्हणून त्याला पुढचं नाव मिळालं. वादळ न मावळता दुसऱ्या समुद्रात गेलं तर नाव टिकू शकतं. 2023मध्ये फ्रेडी ऑस्ट्रेलियाच्या बाजूने निघून पाच आठवड्यांत मोझांबिक-मलावीपर्यंत गेलं, शेवटपर्यंत फ्रेडीच.

माझी एक तक्रार आहे आणि ती मी मनापासून करतो. ही नावं आपल्यापर्यंत इंग्रजी स्पेलिंगच्या चाळणीतून येतात, आणि आपलीच माणसं ओळखू येईनाशी होतात. निसर्ग बांगलादेशने दिलेलं, पण शब्द आपला, म्हणून ते कोकणात कुणाला परकं वाटलं नाही. 2017चं ओखी मात्र सगळ्यांनी परकं म्हणून ऐकलं. बंगालीत तो शब्द ‘अक्षी’ आहे, डोळा. त्यांच्या तोंडी ‘क्ष’चा ‘ख्ख’ होतो, एवढंच. 2023चं बिपरजॉय म्हणजे ‘विपर्यय’. संस्कृत ‘व’ बंगालीत ‘ब’ होतो आणि ‘य’चा ‘ज’, इतका साधा हिशेब, पण आपल्या वाहिन्यांवर तो कुणी मांडला नाही. 2019मध्ये ओडिशावर आलेलं, कुणी फनी तर कुणी फानी म्हटलेलं, ते ‘फणी’. फणा काढणारा, साप. पिडिंग्टनने वेटोळ्यावरून ‘सायक्लोन’ शब्द घडवल्याला तेव्हा पावणेदोनशे वर्षं होत आली होती, आणि त्याच बंगालच्या उपसागरातल्या वादळाला पुन्हा सापाचं नाव मिळालं होतं. हे मराठी बातम्यांमधून निसटलं याचं मला आजही वाईट वाटतं. ब्रह्मी तौक्ते किंवा थाई अम्फान अनोळखी राहिले तर समजू शकतं. शेजारच्या भाषेतला आपलाच शब्द तरी चुकू नये.

कारण लोक ही नावं जपून ठेवतात. 11 नोव्हेंबर 2009ला म्यानमारने नाव दिलेलं वादळ कोकणच्या किनाऱ्याने वर सरकलं, रत्नागिरीकडचे कितीतरी मच्छीमार परतले नाहीत. ते ‘फयान’ तिथल्या बोलण्यात आता साल झालं आहे. मामांकडे कुणी घराचं वय विचारलं तर उत्तर येतं, "फयानच्या आधी कौलं होती, फयाननंतर पत्रे टाकले, ते निसर्गात गेले."

नव्या यादीच्या तिसऱ्या स्तंभातलं पहिलं नाव पुन्हा बांगलादेशचं आहे. इंग्रजीतून ते अर्नब म्हणून येईल. ‘ब’च्या जागी ‘व’ ठेवा: अर्णव, म्हणजे समुद्र.